समेवर येताना

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत उपासनेची वस्त्रे उतरवीत होतो. एवढ्यात गायकवृंदातील एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. नववीत शिकणारी, चुणचुणीत. "फादर, सिंक्रोनाइझला मराठीत काय म्हणतात?" तिने विचारले. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी दहा क्रियापदे देऊन त्यांचे अर्थ मराठीत लिहून आणायला सांगितले होते. नऊ तिने लिहिली होती, हे एक अडले होते. थोरल्या भावाला विचारले तर तो म्हणाला होता, "मोबाइल कॉम्प्युटरला जोडला की जे होते ते!"

मी म्हणालो, "लिही, एकाच वेळी घडवून आणणे." तिने उभ्याउभ्याच वहीत लिहिले आणि छत्री उघडून ती निघूनही गेली. माझे समाधान मात्र झाले नाही. मी दिलेला अर्थ चुकीचा नव्हता, पण तो अपुरा होता. शिवाय त्या शब्दाशी माझा एक जुना हिशोब राहून गेला होता. त्या दुपारी पाऊस कोसळत असताना मी शब्दकोश काढून बसलो आणि विचार करू लागलो.

सेमिनरीत असताना नव्या कराराच्या अभ्यासासाठी आम्हांला थोडीफार ग्रीक भाषा शिकावी लागली. तिच्यातील बरेचसे आता विस्मरणात गेले आहे. पण काही उपसर्ग मनात ठाण मांडून बसले आहेत. 'सिन' हा त्यांपैकी एक. त्याचा अर्थ 'सह', 'संगे', 'मिळून'. आपल्या ख्रिस्ती जीवनात हा छोटासा उपसर्ग पावलोपावली भेटतो. 'सिनड' म्हणजे मिळून चालण्याची वाट. 'सिनॅगॉग' म्हणजे एकत्र आणणे, एकत्र जमणे. मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांना 'सिनॉप्टिक' म्हणतात, कारण ती शेजारी शेजारी ठेवून एका दृष्टिक्षेपात पाहता येतात. 'सिंफनी' म्हणजे सहनाद आणि 'सिंपथी' म्हणजे सहवेदना. याच कुळातील आपले क्रियापद: 'सिन' आणि 'क्रोनॉस', म्हणजेच सह आणि काळ. काळात सोबत असणे.

या क्रियापदाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. सतराव्या शतकात ते इंग्रजीत आले, तेव्हा ते अकर्मक होते. दोन घटना एकाच काळी घडल्या, एवढेच त्यातून सूचित होई. त्यात कोणी कोणाला जुळवून घेत नव्हते. जुळलेले असणे हीच एक अवस्था होती. पुढे ते सकर्मक झाले. इतिहासकार निरनिराळ्या देशांतील घटना एका कालपटावर मांडू लागले, त्यासाठी ते वापरले गेले. आणि एकोणिसाव्या शतकात ते घड्याळांना लागू झाले. आता 'जुळणे' मागे पडले आणि 'जुळवणे' पुढे आले. चित्रपटात ओठांची हालचाल व आवाज जुळवतात, चौकाचौकांतील दिव्यांच्या वेळा जुळवतात, मोबाइलमधील नावे संगणकातील नावांशी जुळवतात. 'सिंक' हे त्याचे आखूड रूप तर आता आपल्या मुलांच्या मराठीतही रुळले आहे.

'कोइन्साइड' या दुसऱ्या क्रियापदाशी त्याची तुलना केली, तर फरक स्पष्ट होतो. माझ्या गावच्या चर्चचा सण आणि भाचीचे लग्न एकाच दिवशी आले, तर ते कोइन्साइड झाले, तो योगायोग. गायकवृंद व ऑर्गन एका क्षणी सुरू होतात, ते मात्र सिंक्रोनाइझ. तेथे कोणीतरी दुसऱ्याकडे लक्ष दिलेले असते.

आणखी एक बारकावा व्याकरणाचा आहे. सकर्मक झाल्यावर या क्रियापदाच्या मागोमाग बहुधा 'विथ' हे शब्दयोगी अव्यय येते. 'तुझे घड्याळ माझ्या घड्याळाशी सिंक्रोनाइझ कर,' असे मी म्हणतो, तेव्हा काटे कोणाचे फिरतात? तुझे. माझे घड्याळ जागच्या जागी राहते. मराठीतही 'शी' हा प्रत्यय तेच काम करतो. 'सुनेने सासरच्यांशी जुळवून घ्यावे,' या वाक्यात हलायचे कोणी आणि स्थिर राहायचे कोणी, हे त्या एका अक्षराने ठरवून टाकलेले असते. शब्द सोबतीचा आहे, पण वाक्य हुकमाचे होऊ शकते.

आपल्या मुंबईनेच याचा अनुभव घेतला आहे. पूर्वी प्रत्येक शहराची वेळ त्याच्या माथ्यावरच्या सूर्याने ठरे. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. आगगाड्या मात्र मद्रासच्या वेळेने धावत आणि ती मुंबईच्या वेळेहून अर्धा तास पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी ग्रीनिचहून साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ ठरली. मुंबईकरांना आपली घड्याळे ३९ मिनिटे पुढे सरकवायची होती. शहरात त्याला कडाडून विरोध झाला. सरकारी व रेल्वेची घड्याळे बदलली तरी 'मुंबई टाइम' काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून राहिला. प्रमाणवेळ सोयीची होती याविषयी आज दुमत नाही. पण ३९ मिनिटांसाठी माणसे इतकी का भांडली? आपला काळ आपल्याला न विचारता दुसऱ्याने हलवला, हे त्यांचे दुखणे असावे, असे मला वाटते.

वाचकहो, हे सारे मी शहाणपणाने लिहीत असलो, तरी हा धडा मला कोशातून मिळालेला नाही. त्या जुन्या हिशोबाविषयी आता सांगितलेच पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी वसईतील एका धर्मग्रामात मी नुकताच बदलून आलो होतो. ऑक्टोबर महिना, रोझरीचा महिना. संध्याकाळच्या मिस्सेपूर्वी चर्चमध्ये जपमाळ होत असे. खांबालगतच्या बाकावर एक वृद्ध बाई बसत. त्यांचा आवाज खणखणीत, पण सर्वांच्या मागे. सगळे 'आमेन' म्हणून थांबले की क्षणभराने त्यांचे एकटीचे 'आमेन' त्या शांततेत उमटे. समोरच्या बाकांवरची मुले त्या क्षणाची वाट पाहत आणि खुसुखुसु हसत. मी तेव्हा शिस्तीचा भोक्ता होतो. एका संध्याकाळी वेदीजवळच्या माइकवरून मी म्हणालो, "सर्वांनी एका सुरात, एका वेळी प्रार्थना करावी. कोणी मागे रेंगाळू नये." मी नाव घेतले नव्हते. पण सगळ्या माना त्या खांबाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवसापासून तो आवाज थांबला. बाई येत, त्याच बाकावर बसत. ओठ हलत, आवाज निघत नसे. मला बरे वाटले. खरे सांगायचे तर हेच मला आज सर्वांत अधिक सलते. त्या संध्याकाळी मी समाधानाने जेवलो.

चार महिन्यांनी, पहिल्या शुक्रवारी, मी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला निघालो. यादीत वाडीच्या टोकाचे एक नवे घर होते. दार उघडले ते त्याच बाईंनी. आत खाटेवर त्यांचे यजमान होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. "फादर, थोडा वेळ आहे का? आमची माळ अर्धी राहिली आहे," बाई म्हणाल्या. मी स्टुलावर बसलो.

चर्चमध्ये एक दशक आम्ही चार मिनिटांत उरकत असू. त्या घरात त्याला पंधरा मिनिटे लागली. ते गृहस्थ एकेक शब्द जणू विहिरीतून ओढून काढीत. 'नमो' म्हटल्यावर थांबत, श्वास घेत, मग 'मरिया'. बाई प्रत्येक शब्दाच्या अलीकडे थांबून राहत. त्यांचा शब्द तयार झाला की आपला शब्द त्याच्याबरोबर टाकीत. त्या त्यांच्या पुढे गेल्या नाहीत आणि त्यांच्यासाठी शब्द पुरा करण्याची घाईही त्यांनी केली नाही. मी सवयीने पुढे धावलो. बाईंनी माझ्याकडे नुसते पाहिले. पुढच्या दशकाला मी जरा सावरलो आणि त्यानंतरच्या दशकाला कुठे मला त्यांच्याबरोबर चालता येऊ लागले.

निघताना ओटीवर त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्याबरोबर म्हणून म्हणून चर्चमध्येही माझी जीभ मागेच राहते हो, फादर. आता मी मनातच म्हणते." मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी विषय बदलला आणि मला बळेच एक शहाळे दिले.

ज्या बाईला मी बेताल समजलो होतो, ती तालात नव्हती असे नाही. ती दुसऱ्या कोणाशी तरी ताल धरून होती. मी मात्र माझे घड्याळ हे सर्वांचे घड्याळ मानून बसलो होतो.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात वेळ जुळवण्याचा प्रश्न फार जुना आहे. पास्काचा सण कोणत्या दिवशी पाळावा यावर दुसऱ्या शतकातच मतभेद झाले. आशिया मायनरमधील ख्रिस्तीजन ज्यू पंचांगातील निसान महिन्याच्या चतुर्दशीला तो पाळीत, रोममध्ये तो रविवारी पाळला जाई. सुमारे १५५ साली स्मर्नाचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प रोमला जाऊन पोप अनिसेतस यांना भेटले. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला आपल्या बाजूला वळवू शकला नाही. तरीही पोपमहाशयांनी सन्मानपूर्वक पॉलिकार्प यांना आपल्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण करू दिली आणि दोघे शांतीने एकमेकांपासून निरोप घेते झाले. तारीख जुळली नाही. सोबत मात्र तुटली नाही.

पुढे ३२५ साली निकेआच्या धर्मसभेने सर्वांनी हा सण एकाच दिवशी पाळावा असे ठरवले. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. आविलाची संत तेरेजा त्याच रात्री निवर्तली, म्हणून तिचा सण आपण १५ तारखेला पाळतो. सूर्याशी पंचांग जुळले, पण पौर्वात्य ऑर्थोडॉक्स बांधवांशी तारखेची फारकत वाढली. २०२५ साली, निकेआला १७०० वर्षे पूर्ण होत असताना, दोन्ही परंपरांचा पास्काचा सण २० एप्रिल या एकाच दिवशी आला. हा योगायोग होता, म्हणजे कोइन्साइड. त्याचे सिंक्रोनाइझ व्हावे अशी पोप फ्रान्सिस यांची तळमळ होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी सांगितले होते की, सर्वांना मान्य होईल ती तारीख स्वीकारण्यास कॅथलिक ख्रिस्तसभा तयार आहे. एवढ्या मोठ्या घड्याळाने आपले काटे फिरवण्याची तयारी दाखवावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आमच्या धर्मग्रामात औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. या शब्दाविषयी मी त्यांच्यापाशी बोललो, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "फादर, आमचा तो रोजचा शब्द!" ते म्हणाले. नवे जनित्र चालू जाळ्याला जोडायचे, तर ते थेट जोडून चालत नाही. त्याचा दाब, त्याची सेकंदाला पन्नास आवर्तने आणि त्या आवर्तनांची चढउतार जाळ्याशी जुळावी लागते. त्यासाठी सिंक्रोस्कोप नावाचे उपकरण असते. त्याचा काटा गरगर फिरत असेल, तर वेग जुळलेला नाही. काटा अगदी सावकाश फिरू लागला आणि बाराच्या जागी येऊ लागला की मग जोडणी करायची. घाई केली तर यंत्राच्या दांड्याला जबर हिसका बसतो, यंत्र निकामीही होऊ शकते. "आणि एकदा नीट जुळले, की पुढे?" मी विचारले. "मग जाळेच त्याला सांभाळून घेते, फादर. ते मागे पडू लागले तर बाकीचे त्याला ओढून धरतात." ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाशी असेच जोडले गेले, हेही त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. मी माइकवरून बोललो ती संध्याकाळ मला आठवली. काटा फिरत असतानाच मी खटका दाबला होता.

लंबकाच्या घड्याळाचा जनक ख्रिस्तियान हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ १६६५ साली आजारी पडून खोलीत अडकला होता. शेजारी टांगलेल्या आपल्या दोन घड्याळांकडे पाहताना त्याच्या ध्यानी आले की, दोन्ही लंबक अगदी एका तालात, एक इकडे तर दुसरा तिकडे, असे झुलत आहेत. त्याने मुद्दाम ताल बिघडवला, तरी अर्ध्या तासात तो पुन्हा जुळला. कोणी कोणाचे काटे फिरवले नव्हते. प्रथम त्याला वाटले, हा हवेचा परिणाम असावा. मग उमगले की, दोन्ही घड्याळे एकाच तुळईला टांगलेली आहेत आणि एकाची अतिसूक्ष्म थरथर त्या लाकडातून दुसऱ्यापर्यंत पोहोचते आहे. या प्रकाराला त्याने जे नाव दिले, त्यात 'सिंपथी' हाच शब्द होता.

मराठीत यासाठी एक सुंदर प्रयोग आहे: 'समेवर येणे'. गवई आपल्या वाटेने आलाप घेतो, तबलजी आपल्या बोलांत रंगतो. क्षणभर वाटते, हे दोघे एकमेकांना विसरले. आणि मग दोघेही नेमके समेवर येतात. ते एकमेकांच्या हुकमाने येत नाहीत. ताल दोघांच्या मनात चालू असतो. तीच त्यांची तुळई.

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब व एसाव या भावांची अनेक वर्षांनी भेट होते. एसाव म्हणतो, चल, आपण बरोबर जाऊ. याकोब त्याला नम्रपणे पुढे व्हायला सांगतो. आपली मुले कोवळी आहेत, कळपात दूध पाजणाऱ्या माद्या आहेत, एक दिवस जरी त्यांना दौडवले तरी कळप मरेल; आपण त्यांच्या चालीने सावकाश येऊ, असे तो सांगतो. कळपाच्या मालकाने कोकरांच्या पावलाशी पाऊल जुळवायचे! एम्माउसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूने तरी दुसरे काय केले? खिन्न होऊन चाललेल्या त्या दोघांना त्याने गाठले आणि तो त्यांच्या चालीने चालू लागला. ज्याला काळाची मर्यादा नाही, तो आपल्या काळात आला. 'शी' हा प्रत्यय त्याने स्वतःकडे लावून घेतला.

आमच्या घरांत हे क्रियापद रोज आपली परीक्षा घेते. विरारहून पहाटेची लोकल पकडणारा मुलगा, रात्रपाळीची परिचारिका असलेली सून, आठ वाजता डोळे मिटणारी आजी आणि बाराला जेवणारा नातू: एका छपराखाली चार घड्याळे. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होत नाही म्हणून अनेक वडीलधारी माझ्याकडे तक्रार करतात. पूर्वी मी वेळ ठरवून देत असे. आता मी विचारतो, "तुमच्यापैकी आपली वेळ हलवायला आधी कोण तयार आहे?"

त्या वृद्ध बाईंनी चर्चमध्ये पुन्हा कधी मोठ्याने जपमाळ म्हटली नाही. मी दोनदा विनवले; त्या नुसत्या हसल्या. माझी क्षमायाचना त्यांनी स्वीकारली होती, पण गेलेला आवाज परत आणणे माझ्या हाती नव्हते. दीड वर्षाने त्यांचे यजमान प्रभूघरी गेले. दफनविधीनंतर संध्याकाळी त्यांच्या अंगणात सारी वाडी जपमाळेसाठी जमली. बाईंनी स्वतः सुरुवात केली, मोठ्याने, आणि त्याच चालीने. 'नमो' म्हणून त्या थांबल्या. त्या श्वासापुरते सारे अंगण थांबले. मग 'मरिया'. मी काही सांगितले नव्हते, कोणीच सांगितले नव्हते. शे-दीडशे माणसे त्या गेलेल्या माणसाच्या जिभेच्या गतीने पाचही रहस्ये म्हणत राहिली. लहान मुलेसुद्धा त्या संध्याकाळी हसली नाहीत. घरी परतायला आम्हांला बराच उशीर झाला.

पुढच्या रविवारी ती नववीतली मुलगी पुन्हा भेटली. "तुझ्या वहीत त्या शब्दापुढे थोडी जागा उरली आहे का?" मी विचारले. होती. मी सांगितले, "लिही: वेळ जुळवणे, मेळ साधणे, समेवर येणे." तिने लिहिले. मग तिने विचारले, "फादर, वाक्यात उपयोग पण करायचा आहे. काय लिहू?"

मी म्हणालो, "वाक्य तूच कर, बाळ. फक्त कोणी कोणाशी जुळवून घ्यायचे, ते नीट विचार करून लिही."